तातडीचा रकाना

जोतिबाचं बोट मशीनमध्ये सापडलं तेव्हा पिरंगुटच्या कंपनीतून फोन गेला तो शेजारच्या साधनाला. त्याची बायको उज्वला शेरडं घेऊन डोंगरावर होती. दिवेलागणीला ती धापा टाकत दवाखान्यात पोचली, तर साधना जोतिबाला चमच्यानं पेज भरवत होती. उज्वलाच्या अंगाचा तिळपापड झाला. सकाळीच ती कंपनीच्या ऑफिसात धडकली. क्लार्कबाईंनी जोतिबाचा फॉर्म काढला. ‘तातडीच्या वेळी कोणाला कळवावे’ या रकान्यात नवऱ्याच्याच अक्षरात साधनाचं नाव होतं. “खोडा ते! बायको मी हाय त्याची.” बाईंनी नवा फॉर्म भरायला घेतला: नाव उज्वला, नातं बायको. “तुमचा नंबर?” उज्वला दोन आकडे बोलली आणि थांबली. दिवसभर शेरडांमागं डोंगरावर. तिथं रेंज कुठली! पुन्हा काही झालं तर? “नंबर तिचाच घाला,” ती दातओठ खात म्हणाली, “पर नाव माझंच ऱ्हाऊ द्या.”