तोटीतला वास

बाबा नागपूरहून अमेरिकेत, कॅरीला तिच्याकडे आल्यापासून सावनीने विजेचा बॉयलर गराजमध्ये लपवला होता. आज ते फिरायला जाताच तिने तो लिंबूसत्त्वाच्या पाण्याने घासायला घेतला. पण बाबा लवकर परतले. “हा कशाला गं?” “चहाला,” ती म्हणाली. बाबांनी वाकून भांडं हुंगलं. दारूबंदी खात्यात तीस वर्षं हातभट्ट्या हुडकलेलं नाक ते! “बिअर बनवते मी,” सावनीने कबूल केलं. “इथे लीगल आहे, बाबा.” बाबांनी पाना मागितला, बॉयलरची तोटी सोडवली, आतला चिकट थर बोटाने दाखवला. “वास इथेच राहतो. आम्ही यावरूनच पकडायचो.” घासता घासता म्हणाले, “आयुष्यभर पिंपंच्या पिंपं उपडी केली, तयार होईपर्यंत कधी थांबलोच नाही. किती दिवस लागतात?” “महिनाभर तरी.” बाबांनी स्वच्छ तोटी तिच्या हातात ठेवली. “माझं परतीचं तिकीट या वीस तारखेचं ना? पुढे ढकलता येईल?”