बोळिंजची युद्धनौका

वर्गणीतून गणपतीच्या देखाव्यात युद्धनौका उभारायची की सोसायटीची पाण्याची मोटर बदलायची, यावर बोळिंजच्या मंडळात जुंपली. नौकेसाठी एकट्या चुरीकाकांचा हात वर गेला. मोटर जिंकली. मंडळातल्या कल्पेशने मूर्तीशेजारच्या रिकाम्या जागेत पाटी ठोकली: ‘स्टेल्थ युद्धनौका. रडारला दिसत नाही, तुम्हालाही दिसणार नाही.’ लोक खो-खो हसले. संध्याकाळी चुरीकाका इस्त्रीचा शर्ट घालून काकूंना घेऊन आले. नोकरीभर त्यांनी गोदीत असल्याच जहाजांची ड्रॉइंग काढली होती, पण गुपित म्हणून घरी एक रेघही दाखवली नव्हती. “ही बघ, अशी असायची,” हवेत हात तिरका धरून ते म्हणाले. काकूंनी डोळे बारीक केले. “अहो, मला काहीच दिसत नाही.” “म्हणजे जमलीय.” काकांनी कल्पेशकडे मोबाइल दिला. “फोटो काढ रे. जहाज पूर्ण येऊ दे.” ओशाळलेला कल्पेश मागे मागे सरकत राहिला.