व्हॅनमधला संडास

काकूंनी काकांची जुनी व्हॅन फिरतं घर करायला काढली, ती रागाच्या भरातच. "वाटेत तुझी संडासची पंचाईत होईल," एवढं एकच कारण पुढे करून काकांनी त्यांना जन्मभर कुठे नेलं नव्हतं. आता काका जाऊन वर्ष झालं होतं. काकूंनी त्यांची सीट उपटून भंगारात दिली, स्वतःच्या उंचीची एकच नवी घेतली आणि मागे मुद्दाम संडास बांधून घेतला.

सकाळी त्या मागे गेल्या, तर संडासचं दार उघडेना. त्यांनी ओढलं, तसं आतूनही तेवढ्याच जोराने कोणीतरी ओढलं.

"अरे मेल्या, आत काय करतोस? आज निघायचंय मला!"

"मी इथे आहे, काकू," पुढे सीटचे बोल्ट आवळणारा सुतार म्हणाला.

"मग आतून कडी कोणी लावली?"

"कडी? ती अजून माझ्या खिशातच आहे."

काकूंच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून त्या ओरडल्या, "अहो, सोडा ते दार! आता नाही ऐकायची मी!"

आत कोणीतरी घसा खाकरला. 'नको' म्हणण्याआधी काका खाकरायचे, अगदी तसा.