चार ओळी

श्वासाच्या मशीनमधली चिप रीसेट झाली की धोक्याचा गजर बंदच राहायचा. तो पुन्हा चालू करायला प्रोग्रामरने चिप चालवणाऱ्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी घातल्या, तर साहेब खेकसले, "अरे शहाण्या, वर्षातून एकदा होणाऱ्या रीसेटसाठी पुन्हा महिनाभर चाचण्या? काढ त्या!" नोकरी प्यारी, म्हणून यानेही शेपूट घालून त्या पुसल्या.

वर्षभराने त्याची आई त्याच मशीनवर होती. नर्सताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही निर्धास्त घरी जा. हे मशीन उगाच बोंबलायचं, म्हणून आता रोज सकाळी आम्हीच त्याला रीसेट मारतो."

"मग?" निघता निघता तो थांबला.



"मग काय! आठवडा झाला, कुठल्याच पेशंटला वाजलं नाही."