उघडी गाडी

धक्का मारून सुरू केलेलं इंजिन तसंच चालू ठेवून यशया मिस्त्रीने बॅटरीची तार काढली. इंजिन बंद पडलं नाही.

"डायनामो चांगला हाय. खोट बॅटरीतच," तो म्हणाला.

डायनामोच बिघडलेला निघावा, एवढंच ड्रायव्हर कानिफनाथला हवं होतं. अँबॅसिडर घोडेगावला यशयाच्या गॅरेजपर्यंत ढकलत आणताना मालक राधाकृष्णशेठनी बजावलं होतं, "बॅटरी दिवाळीत घेतलेली आहे. नवी बॅटरी अशी उतरत नाही. उतरली, तर ती माझी नव्हे. माझी विकलीस तू."

यशयाने इंजिन बंद केलं. काचेच्या नळीने बॅटरीतलं ॲसिड ओढून नळी उन्हात धरली. ॲसिड गढूळ होतं आणि नळीतला तरंगता काटा वर न येता तळालाच बसला होता. बॅटरीच्या सगळ्या घरांत तेच. मग त्याने बॅटरीच्या माथ्यावरची शिशाची पट्टी चिंधीने पुसली. नवी बॅटरी देताना तो त्या पट्टीवर आपला ठसा मारून देई. पट्टी कोरी होती.

"मी दिलेली ही नव्हं, शेठ. जुनी हाय. कुनीतरी बदललीय."

बाकावरच्या शेठनी चहाचा घोट घेतला. "कुणीतरी म्हणजे? गाडी असते कुणाच्या ताब्यात?"

"शनवारी न्हवती, शेठ," कानिफनाथ म्हणाला.

शनिवारी गाडी शिंगणापुरात उभी होती. तो दारांना किल्ली लावायला गेला, तेव्हा शनीच्या दर्शनाला निघालेले, ओल्या धोतरातले शेठ चारचौघांत हसले होते. "अरे, तू याच गावचा ना? देवाच्या गावात गाडीला कुलूप?" शरमून त्याने किल्ली खिशात घातली आणि तो आईकडे जेवायला गेला. गाड्या तर कुठून कुठून आलेल्या.

"मंग तितंच झालं," यशया म्हणाला. "दारं उघडी, म्हंजी बॉनेटचा खटका बी हाताशी."

शेठनी कप खाली ठेवला. "यशया, तुझं देऊळ वेगळं. तुला कळायचं नाही. तिथं चोरी करणारा शिवेबाहेर पडत नाही." मग ते कानिफनाथकडे वळले. "तू तिथला आहेस. शिंगणापुरात चोरी झाली, एवढं म्हण. मी आत्ता विषय सोडतो."

चहावाला किटली हातात धरून थांबला. बाजाराला निघालेले दोघेतिघे बैलांसकट उभे राहिले. त्यांतला एक शिंगणापूरचाच होता.

"बोल की मर्दा," यशया हळूच म्हणाला. "तुझ्या पोटाचा सवाल हाय."

ते वाक्य कानिफनाथच्या घरात, त्याच्या गावात कुणी कधी उच्चारलं नव्हतं. त्याला स्वतःलाही ते खरं वाटत नव्हतं.

"आमच्या गावात चोरी हुत न्हाई," तो म्हणाला.

"ऐकलंत?" शेठ लोकांना म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. कानिफनाथने किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

"पोलीस पाटलाला घेऊन जातो. तुझ्या घराची झडती घ्यावी लागेल."

"घ्या की," कानिफनाथ म्हणाला. "आई खडीच्या कामावर गेली आसंल. कुनाला इचारू नका, सरळ आत जावा. आमच्यात दार नसतं."