आत्याचा नंबर

"हेमांगी, साडीत काय दिसतेस! रोज माझ्यासाठी नेसत जा," डोईफोडे साहेब डबा उघडत म्हणाले.

कँटीनच्या भिंतीवरचा दिवा लाल झाला. असलं बोलणं टिपून बोलणाऱ्याच्याच घरी लगेच ऐकवायचं, हे त्या भिंतीचं काम.

साहेब मात्र निर्धास्त जेवत होते. घरचा नंबर म्हणून त्यांनी गावाकडच्या बहिऱ्या आत्याचा नंबर दिला होता.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"दिगू, मला ऐकू येत नाही म्हणून पोरांनी माझा फोन देवळाच्या भोंग्याला जोडलाय," आत्या ओरडली. "भजन थांबलंय. आता त्या मुलीला फोन दे. गावाला तिचंही ऐकायचंय."

हेमांगीने सावकाश हात धुतले, फोन घेतला आणि घसा खाकरला.

"नमस्कार, ग्रामस्थ मंडळी."