चमचाभर ओवा

अमेरिकेतल्या अर्विंगमध्ये सिग्नलपाशी सिद्धेशची गाडी पुढच्या गाडीवर हलकीच आदळली आणि शेजारी बसलेले, पुण्याहून आईबरोबर आलेले त्याचे बाबा जागीच गेले. पोस्टमॉर्टेम माझ्याकडे आलं. हृदयाभोवती रक्त साठलं होतं. ते धक्क्यानं की आजारानं, एवढंच मला ठरवायचं होतं.

या कामाचा आता शीण येतो. तरी पुन्हा मायक्रोस्कोपपाशी बसले, कारण सिद्धेश रोज फोन करून एकच विचारायचा, "डॉक्टर, माझ्या ड्रायव्हिंगमुळेच गेले ना ते?"

छातीवर माराची खूण कुठेच नव्हती. हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मात्र मेलेला, मऊ पडलेला होता. म्हणजे ॲटॅक काही दिवस आधीच येऊन गेला होता आणि त्याच जागी हृदय आपसूक फाटलं होतं.

चांगली बातमी द्यायची वेळ माझ्यावर क्वचितच येते. मी लगेच फोन लावला.

"तुझी काही चूक नाही रे. नॅचरल डेथ आहे. ॲटॅक आधीच आला होता. छातीत दुखतंय असं कधी म्हणाले होते का?"

"हो, अपघाताच्या आधीच्या सोमवारी. आईला वाटलं ॲसिडिटी आहे. तिनं ओवा दिला, गरम पाणी दिलं आणि झोपायला सांगितलं."

मग आवाज खाली आणून तो म्हणाला,



"रिपोर्टमध्ये खरं ते लिहा, डॉक्टर. आईला मात्र मी सांगणार आहे, बाबा माझ्या ड्रायव्हिंगमुळेच गेले."